खाणीच्या जागेत झाडं लावायची घाई नको

वाघोलीच्या बाजूची आमची दोन एकर जागा सासऱ्यांनी दगडखाणीला दिली होती. मुदत संपली, पोकलेन गेला. मागे राहिला उघडा कातळ, मुरमाचे ढीग आणि क्रशरची राखाडी भुकटी. त्याच जुलैत मी शंभर रोपं लावली. कातळात खड्डे फोडून घेतले, विकतची काळी माती भरली. पावसात त्या खड्ड्यांची घंगाळं झाली आणि मुळं कुजली. जी तगली ती एप्रिलात वाळली. तेव्हा पहिल्या वर्षी झाडाचं नावही काढू नका.

सुरुवात भुकटीपासून करा. ती भिजून वाळली की गिलाव्यासारखी बसते. पाणी वरून वाहून जातं, बी रुजत नाही. मे महिन्यात टिकावानं तो थर फोडा आणि त्यात मुरूम, शेणखत, पालापाचोळा कालवा. पाला आम्ही खराडीच्या सोसायट्यांमधून पोत्यांनी आणला. त्यांना तो नकोच असतो, पण पोत्यातून प्लास्टिक आणि गुटख्याच्या पुड्या निवडत बसावं लागतं. मग उतारावर दगडांच्या आडव्या ओळी रचा, वीतभर उंच पुरे. दगडाला तर तोटाच नाही! ओळ एका पातळीत हवी, नाहीतर पाणी एकाच टोकाकडे धावतं आणि ओळ फोडतं. गवंड्याकडची पाण्याची नळी असते ना, तिनं पातळी बघा. पावसाळाभर ओळींच्या मागे गाळ साठत जातो. तीच तुमची पहिली माती.

पहिल्या सरींवर ताग फेका. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. फुलावर आला की कापून तिथंच पसरा. सोबत मारवेल, पवना, कुसळी ही आपली डोंगरी गवतं. त्यांचं बी पावसाळा सरल्यावर टेकडीवरून गोळा करून ठेवायचं आणि जूनमध्ये शेणमातीत कालवून विस्कटायचं. कुसळी जुन्या साडीवरच गोळा करा, ती साडी पुन्हा नेसण्यासारखी राहत नाही.

गिरिपुष्प लावा, पटकन हिरवं दिसतं, असं चारजण सांगतील. पुण्याच्या टेकड्यांवर त्याची दाटी मी बघितली आहे. ते झाड इथलं नाही, मेक्सिकोकडचं. मी लावलं नाही.

झाडं तिसऱ्या पावसात. जागा ठरवायला खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. सकाळपर्यंत तसंच राहिलं तर तळाला भेग नाही. पहारीनं तळ फुटतो का बघा, नाही फुटला तर जागा सोडा. जिरलं तर तिथं मूळही उतरेल. पळसाचं रोप आणू नका. सोटमूळ खोल जातं, पिशवीत ते वळतं. पिकलेली शेंग जूनमध्ये जागेवरच टोचा. पांगारा आणि शेमटीच्या मनगटाएवढ्या फांद्या पावसाच्या तोंडावर हातभर खोल रोवल्या तरी फुटतात. काटेसावर, बहावा, हिवर यांची मात्र रोपं लावली.

राहिल्या शेळ्या. बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं, तरी दीराची पांढरी शेळी रोज आत सापडते. गवत वाळलं की कडेनं सहा-सात फुटांचा पट्टा खरवडून ठेवा, बाहेरचा वणवा आत यायचा धोका कमी होतो.