रविवारच्या ब्रंचसाठी द्राक्षांचा बेक्ड फ्रेंच टोस्ट : शुक्रवारपासूनची तयारी

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकच्या घरी रविवारी साडेदहा-अकराला पाहुणे जेवणवजा नाश्त्याला यायचे असतील, तर द्राक्षे आणि स्ट्रॉबेरी घालून ओव्हनमध्ये भाजलेला फ्रेंच टोस्ट, म्हणजे दूध-अंड्याच्या मिश्रणात भिजवून भाजलेला ब्रेड, फार सोयीचा पडतो. तव्यापाशी उभे राहून एकेक स्लाइस परतावा लागत नाही आणि सहा जणांना एकाच वेळी गरम वाढता येते. मात्र सकाळी उठून सगळी सुरुवात केली तर तो साधत नाही. ब्रेड किती कोरडा आहे आणि फळात किती पाणी उरले आहे, या दोन गोष्टींवर त्याचे यश अवलंबून असते, आणि या दोन्ही गोष्टी शनिवारी संध्याकाळपर्यंत ठरून गेलेल्या असतात. म्हणून ही यादी कामाच्या क्रमाने लिहिली आहे. प्रमाण सहा माणसांचे आहे.

सामान आणण्याआधी, म्हणजे शुक्रवारीच, प्रत्येक पाहुण्याला अंडे चालते का हे स्पष्ट विचारून घ्यावे. एरवी अंडे खाणारी माणसेही संकष्टीला किंवा एकादशीला ते खात नाहीत, त्यामुळे फोन करण्यापूर्वी कालनिर्णयावर नजर टाकलेली बरी. एखाद्याला चालत नसेल तर त्याच्यासाठी लहान भांड्यात वेगळा टोस्ट करावा आणि त्याचे पातेले, चमचा व वाढण्याचा डावही वेगळा ठेवावा. अर्धा लिटर दुधात तीन सपाट चमचे कस्टर्ड पावडर शिजवून ते थंड केले की अंड्याच्या मिश्रणाची जागा बऱ्यापैकी भरून निघते. चव ब्रेड पुडिंगकडे झुकते, पण ती वाईट लागत नाही. बेकरीतल्या काही बनपावांना वरून अंड्याचा हात दिलेला असतो, हेही अशा वेळी विचारून घ्यावे. त्याच दिवशी ओटीजीच्या (विजेवरच्या छोट्या घरगुती ओव्हनच्या) आतली मापे टेपने घ्यावीत. घरगुती ओटीजीत मोठी आयताकृती डिश बहुधा मावत नाही, आणि मावली तरी चारही बाजूंनी गरम हवा फिरायला दोन-अडीच सेंटिमीटर जागा मोकळी राहावी लागते. सहा जणांना साधारण 28 सेंटिमीटर लांब, 18 सेंटिमीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर खोल डिश पुरते. ती नसेल तर दोन लहान डिश वापराव्यात.

ब्रेड 350 ग्रॅम लागेल. कापलेला पातळ सँडविच ब्रेड घेण्यापेक्षा बेकरीतून अख्खा ब्रेड आणावा आणि घरी त्याचे दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे तुकडे करावेत, कारण पातळ स्लाइस रात्रभर भिजला की त्याचा लगदा होतो. दुधाचा किंचित गोडसर ब्रेड उत्तम, पण नाशिककराच्या घरी रविवारच्या मिसळीसाठी आणलेला लादीपाव उरलेलाच असतो आणि तोही इथे मनापासून चालतो. तो सुरीने न कापता हाताने मोठा-मोठा तोडावा, म्हणजे खडबडीत कडांना मिश्रण चांगले धरते. ब्रेड शुक्रवारी आणून शनिवारी वापरावा. ताज्या ब्रेडमध्ये ओलावा आधीच भरलेला असतो, त्यामुळे तो दूध पुरेसे शोषत नाही आणि जे शोषतो त्याने मऊ पडून बसतो. उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्याकडची हवा कोरडी असते, तेव्हा तुकडे ताटात पसरून पातळ कापडाखाली सहा-सात तास ठेवले तरी काम होते. पावसाळ्यात हा उपाय करू नये, कारण त्या दमट हवेत ब्रेड वाळत नाही, उलट त्याला बुरशी धरते. अशा दिवसांत आणि घाईच्या वेळीही तुकडे 150 अंश सेल्सिअसवर 10 ते 15 मिनिटे ओव्हनमध्ये ठेवावेत. ते वरून कोरडे आणि बोटाने दाबल्यावर टणक लागले पाहिजेत, पण रंग बदलता कामा नये.

फळांच्या खरेदीचा दिवस महत्त्वाचा आहे. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात माल स्वस्त आणि भरपूर मिळत असला तरी रविवारसाठी बुधवारी आणलेली स्ट्रॉबेरी टिकत नाही. द्राक्षे फ्रिजमध्ये तेवढे दिवस राहू शकतात, स्ट्रॉबेरी शनिवारीच घ्यावी. सुरगाणा आणि कळवण भागातली स्ट्रॉबेरी या दिवसांत शहरात येते. ती लहान असली तरी चालेल, मात्र देठापर्यंत लाल असावी, कारण तोडल्यानंतर ती आणखी गोड होत नाही. अशी 250 ग्रॅम पुरे. ती धुऊन ठेवू नये. कोरडीच कागदावर पसरून फ्रिजमध्ये ठेवावी आणि वापरायच्या वेळी धुवावी.

द्राक्षे 400 ग्रॅम घ्यावीत. थॉमसन किंवा सोनाका या हिरव्या जातींची घेतली तर पूर्ण हिरव्या घडापेक्षा पिवळसर झाक आलेला घड निवडावा, तो अधिक गोड असतो. माझी स्वतःची निवड मात्र काळ्या शरद सीडलेसची आहे. हिरवी द्राक्षे भाजल्यावर तपकिरी आणि निस्तेज दिसतात, काळ्यांचा रंग मात्र गडद जांभळा होतो आणि त्यांच्या सालीचा किंचित तुरटपणा दूध-अंड्याच्या मऊ गोडीला आवश्यक तो उठाव देतो. द्राक्षावरची पांढुरकी झाक ही सालीवरच्या नैसर्गिक मेणाची असते, तिला पाहून घड परत ठेवू नये. तरीही वाहत्या पाण्याखाली द्राक्षे चोळून धुणे आवश्यकच आहे. नंतर ती कापडावर कोरडी करून उभी अर्धी चिरावीत. पाहुण्यांत पाच वर्षांखालील मूल असेल तर हे चिरणे टाळूच नये, कारण अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकते.

द्राक्षात साधारण 80 टक्के पाणी असते. ती कच्चीच ब्रेडवर घातली तर ते पाणी भाजताना डिशच्या तळाशी उतरते, आणि वरून सोनेरी दिसणारा टोस्ट खाली गिळगिळीत निघतो. म्हणून शनिवारी संध्याकाळी ब्रेड वाळवून झाला की त्याच गरम ओव्हनचे तापमान 200 अंशांवर न्यावे, चिरलेल्या द्राक्षांना एक चमचा साखर आणि चिमूटभर मीठ चोळून ती ट्रेमध्ये एका थरात पसरावीत आणि सुमारे 20 मिनिटे भाजावीत. ती आकसतात आणि गोड रस सोडतात. ती चाळणीत निथळावीत, आणि खाली जमलेला रस फेकून न देता छोट्या पातेल्यात मध्यम आचेवर चमच्याला लागण्याइतका आटवावा. टोस्टवर ओतायला याच्याइतका चांगला पाक बाजारातल्या कोणत्याही बाटलीत मिळत नाही. स्ट्रॉबेरीत तर पाणी 90 टक्क्यांच्या आसपास असते. तिला ओव्हनपासून दूरच ठेवावे आणि भाजून झालेल्या टोस्टवर ताजी चिरून घालावी. हंगाम वेगळा असेल तर मे महिन्यात आंबाही असाच वरून ताजा घालावा, आणि केळे घालायचे तर ते काळे पडते म्हणून ओव्हनमध्ये ठेवण्याच्या क्षणी चिरावे. कच्चा अननस आणि किवी टाळावेत, कारण त्यांतील विकरे (एन्झाइम) दुधातली प्रथिने तोडून चव कडू करतात.

मिश्रणासाठी पाच अंडी, 400 मिलीलिटर मलईयुक्त दूध, 100 मिलीलिटर क्रीम किंवा घोटलेली ताजी साय, 60 ग्रॅम साखर, एक चमचा व्हॅनिला इसेन्स, पाव चमचा मीठ आणि किसलेले थोडे जायफळ घ्यावे. दालचिनीही चालते, परंतु दोन्ही एकत्र घालू नयेत, त्याने फळाची चव दबते. दूध तापवून पूर्ण थंड केलेले असावे. गरम दुधात अंडी गुठळ्या धरू लागतात. साखरेऐवजी गूळ घालण्याचा मोह होतो, पण गुळाने दूध फाटण्याची भीती असते, म्हणून गूळ वरच्या थरासाठी राखून ठेवावा. आधी अंडी, साखर आणि मीठ फेटावे, मग दूध आणि साय मिसळावी, आणि मिश्रण गाळून घ्यावे. गाळण्याचा कंटाळा केला तर अंड्याच्या पांढऱ्या दोऱ्या टोस्टमध्ये दिसतात.

शनिवारी रात्री नऊच्या सुमारास डिशला लोणी लावून त्यात ब्रेडचे तुकडे दाटीने रचावेत, मिश्रण सगळीकडे सारखे ओतावे आणि उलथन्याने हलके दाबावे. दहा मिनिटांनी वर राहिलेले कोरडे तुकडे एकदा उलटावेत. झाकून डिश फ्रिजमध्ये ठेवावी. आठ ते बारा तास योग्य, त्याहून अधिक नको. भाजलेली द्राक्षे रात्री त्यात घालू नयेत, वेगळ्या डब्यात ठेवावीत, कारण फळ आंबट निघाले तर त्याच्या सहवासात दूध रात्रीतून फाटू शकते. रात्री वीज बराच वेळ गेली आणि सकाळी डिश गार लागली नाही, तर ते मिश्रण वापरू नये. झोपण्यापूर्वी 40 ग्रॅम गार लोणी, 40 ग्रॅम चिरलेला गूळ, 50 ग्रॅम कणीक आणि मूठभर बदामाचे काप बोटांनी कुस्करून वरचा चुरा तयार करून फ्रिजमध्ये ठेवावा.

रविवारी अकराला वाढायचे असेल तर सव्वानऊला डिश बाहेर काढावी. काचेची डिश फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवली तर तडकू शकते, म्हणून ही अर्ध्या तासाची सवड सोडता येत नाही. साडेनऊला ओटीजी 175 अंशांवर तापत ठेवावा. पावणेदहाला द्राक्षे तुकड्यांच्या फटींत खोचून, वर चुरा पसरून आणि फॉइल सैल झाकून डिश मधल्या कप्प्यात ठेवावी. पंचवीस मिनिटांनी फॉइल काढून आणखी 20 मिनिटे भाजावी. मध्यभागी सुरी खोचून बाजूला दाबल्यावर कच्चे पातळ मिश्रण वर येता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी 71 अंश पाहावेत. त्यापुढे उगाच ठेवू नये, कारण जास्त भाजल्यावर अंड्यातील प्रथिने आवळून पाणी सोडतात, आणि द्राक्षांतून काढलेले पाणी अंड्यांतून परत येते. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मग चिरलेली स्ट्रॉबेरी घालावी आणि पाक वेगळ्या वाटीत ठेवावा, म्हणजे ज्याला त्याला हवा तेवढा घेता येतो.

गोडाच्या सोबतीला काहीतरी खारट-तिखट हवे, त्यासाठी मटकीची सुकी उसळ पुरेशी आहे. तिला शुक्रवारी सकाळी मटकी भिजत घालावी लागते, म्हणजे शनिवारी सकाळपर्यंत मोड येतात. चहा-कॉफी बिनसाखरेची करून साखर बाजूला ठेवावी. टोस्ट उरला तर दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी 160 अंशांवर दहा-बारा मिनिटे गरम करावा. वरची स्ट्रॉबेरी मात्र फ्रिजमध्ये ठेवण्यापूर्वीच काढून खाऊन टाकावी.