सायलेन्सरचा अडकलेला स्टड

अमळनेरला घरीच आबांच्या जुन्या फोरस्ट्रोक गाडीचा सायलेन्सर काढत होतो. एक नट स्टडवर (इंजिनात आट्यांनी बसवलेल्या, डोकं नसलेल्या बोल्टवर) गंजून बसलेला, पान्याने त्याच्या कडाही गोल झाल्या. शेजारचे नाना म्हणाले, "जोर नको लावू भो, स्टड आत तुटला तर इंजिनाचा वरचा भाग, हेडच उतरवावं लागेल." पटलं.

तीन दिवस सकाळ-संध्याकाळ डिझेल सोडलं. मग ते नीट पुसून, पेट्रोलची टाकी लांब ठेवून, स्टडभोवती हेड तापवलं. हेडचं ॲल्युमिनियम स्टडच्या लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे आट्यांची पकड ढिली होते. नटावर किंचित लहान गोटी (सॉकेट पाना) ठोकून बसवली. पाव फेरा मागे, थोडा पुढे, परत मागे... स्टडसकट नट बाहेर! आबांना आधी दाखवला.

नवा स्टड कॉपर ग्रीस लावून, त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून, त्यांना पाना लावून फिरवत बसवला.