पोफळीवरच्या उडत्या सरड्याचे फोटो कसे काढावेत

आमची पोफळीची, म्हणजे सुपारीची, बाग सावंतवाडी तालुक्यात, व्हाळाला (ओढ्याला) लागून आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा बागेत उडते सरडे आहेत हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. मी शाळेत शिकवते. मोकळा वेळ म्हणजे रविवारची सकाळ आणि मे महिन्याची सुट्टी. गेली नऊ वर्षं त्यातला बराचसा वेळ मी या एकाच प्राण्यापाशी बसून घालवला आहे. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, फोटो कसे मिळाले म्हणून. तेव्हा एकदा सगळं सविस्तर लिहिते.

याचं शास्त्रीय नाव ड्रॅको डुसुमिएरी. लिनियसने १७५८ मध्ये या गटाला ड्रॅको, म्हणजे ड्रॅगन, हे नाव दिलं आणि आपल्याकडच्या जातीचं नामकरण १८३७ मध्ये झालं. नावाने ड्रॅगन असला तरी शेपटीसकट जेमतेम वीतभर लांब. कोकणात तो दक्षिणेकडे, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या बाजूला, रानात आणि जुन्या पोफळीच्या-माडाच्या बागांत सापडतो.

पहिलं काम म्हणजे तो दिसणं. पोफळीच्या खोडावर गळलेल्या झावळांची वळी असतात आणि मधूनमधून दगडफुलाचे पांढुरके-हिरवट डाग. सरड्याची पाठ अगदी त्याच रंगाची. डोळे ताणून खोडन्‌खोड शोधत बसलात तर तास जाईल आणि काही दिसणार नाही. त्यापेक्षा बागेत एका जागी बसा, नजर सैल सोडा आणि फक्त पिवळ्या रंगाची वाट बघा. नराच्या गळ्याखाली पिवळाजर्द त्रिकोणी पापुद्रा असतो. नर तो बाहेर काढतो आणि लगेच मिटतो. पहिल्यांदा पिकलेलं पान गळल्यासारखंच वाटतं. पण पान खाली जातं, हे पिवळं जिथल्या तिथे पुन्हा चमकतं. तिथे सरडा आहे. मादीचा पापुद्रा लहान आणि निळसर-राखी, त्यामुळे ती अशी सापडत नाही. नराजवळ थोडा वेळ थांबलात तर बरेचदा तीही दिसते.

वेळ सकाळी साडेआठ ते साडेअकरा. त्याआधी बागेत ऊन उतरलेलं नसतं आणि तो हलत नाही. फेब्रुवारीपासून पाऊस सुरू होईपर्यंत नर सर्वांत जास्त वेळा गळा दाखवतात. जून लागला की पोफळींवर कोळेरोगासाठी, म्हणजे सुपारी सडवणाऱ्या बुरशीसाठी, बोर्डो मिश्रणाची फवारणी सुरू होते, लेन्सवर वाफ धरते, आणि मग मी कॅमेरा बाहेर काढतच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिली दोन वर्षं मी त्याच्या मागे फिरत होते. मी पोफळीच्या उजवीकडून गेले की तो डावीकडे सरकायचा, मी डावीकडून गेले की उजवीकडे. त्याच्या आणि माझ्या मध्ये कायम खोड. एकदा माझे सासरे पाटाचं पाणी फिरवत होते, त्यांनी माझी ही प्रदक्षिणा पाहिली आणि म्हणाले, "थंयच बसान रव गो. तो आपणच फिरान येतलो." मी बसले. दहा-बारा मिनिटांनी तो खरोखरच खोडाला वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि मुंग्या टिपायला लागला. तेव्हापासून माझी पद्धत हीच. एक पोफळ निवडायची, चार-पाच मीटरवर विरी (पोफळीच्या झावळीच्या बुंध्याचं रुंद आवरण) टाकून बसायचं आणि उठायचं नाही.

पोफळ निवडताना खोडावर मुंग्यांची रांग चढताना दिसते का ते बघा. मुंग्या हेच त्याचं मुख्य खाणं, म्हणून अशा खोडावर तो पुन्हा पुन्हा येतो. बसण्याआधी मात्र वर बघा. तयार नारळांच्या माडाखाली बसू नका आणि सुटायला आलेल्या झावळीखालीही नको. पोफळीची झावळ विरीसकट खाली येते तेव्हा चांगलीच लागते. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकायची सवय असेल तर ती मोडा. चिऱ्यांच्या फटींत फुरसं, हा छोटा विषारी साप, असू शकतं, आणि कोकणात फुरशाला कमी लेखून चालत नाही. कोपर टेकवायचा असेल तर आधी जागा नीट बघून घ्यावी, पायात बूट असावेत.

माझ्याकडे जुना डीएसएलआर आणि ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. या कामाला ती पुरते. मॅक्रो लेन्स घेऊन जवळ जायचा मोह होतो, पण इतक्या जवळ तो तुम्हाला येऊ देत नाही. फ्लॅश अजिबात नको.

गळ्याचा फोटो समोरून काढलात तर तो पुरता वाया जातो. समोरून पापुद्रा म्हणजे नुसती एक रेघ. सरडा खोडाच्या कडेवर असेल आणि तुम्ही त्याच्या बाजूला असाल, तेव्हाच तो पूर्ण त्रिकोण खोडापासून सुटा दिसतो. म्हणून मी नेहमी खोड फ्रेमच्या एका कडेला ठेवते आणि गळा उघडेल तिकडे मोकळी जागा सोडते. मागे आभाळाचे पांढरे तुकडे आले तर पिवळा रंग त्यांत हरवतो. आमच्या निम्म्या पोफळींवर मिरवेल चढवलेली आहे. तिची दाट काळपट पानं मागे येतील अशी जागा मी धरते. चार बोटं डावीकडे सरकलं तरी पार्श्वभूमी बदलते, तेव्हा बसतानाच डोळ्याला कॅमेरा लावून बघा.

सकाळी मी बागेच्या पश्चिमेच्या अंगाला बसते. म्हणजे ऊन सरड्याच्या मागून येतं आणि पापुद्रा आतून पेटल्यासारखा दिसतो, त्यावरचे बारीक खवलेसुद्धा मोजता येतात. पण कॅमेरा बागेतल्या काळोखाला फसतो आणि पिवळं जाळून टाकतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, दोन-तृतीयांश स्टॉप खाली घ्या, उन्हाची तिरीप थेट पडली असेल तर पूर्ण एक स्टॉप. शटर १/५०० सेकंद, अॅपर्चर एफ ६.३ किंवा ८, आयएसओ ८०० ते १६००. फोकसचा एकच बिंदू, आणि तो डोळ्यावर.

गळा उघडण्याचा क्षण एका सेकंदाचाही नसतो. पहिल्यांदा पिवळं दिसलं की बोट दाबू नका, तेवढ्यात ते मिटलेलं असतं. तो सहसा एकदा उघडून थांबत नाही. ओळीने तीन-चार वेळा उघडतो, मग विसावतो. पहिल्या वेळी नुसतं बघायचं, दुसऱ्या वेळेपासून सलग फ्रेम घ्यायच्या.

उडण्याचा फोटो ही वेगळी तपश्चर्या आहे. त्याच्या बरगड्या कुशीबाहेर लांब वाढलेल्या असतात आणि त्यांवर कातडी ताणलेली असते, छत्रीच्या काड्यांवर कापड असावं तशी. वरून पंख काळपट-जांभळे, त्यावर फिकट ठिपके. तो पंख फडफडवत नाही, तरंगत जातो. एका पोफळीच्या वरच्या भागातून निघतो, पुढच्या पोफळीवर खाली उतरतो आणि पुन्हा वर चढत जातो. त्याचे जाण्यायेण्याचे मार्ग बऱ्यापैकी ठरलेले असतात. पहिल्या दिवशी कॅमेरा घरी ठेवा आणि फक्त वही न्या. कुठल्या खोडावरून कुठल्या खोडावर, किती उंचीवरून, ते लिहा. वर चढून तो डोकं पुढच्या पोफळीकडे वळवतो आणि अगदी स्थिर होतो. आता तो निघणार.

हवेत त्याचा पाठलाग करून फोकस मिळत नाही, मला तरी कधी मिळाला नाही. मी मॅन्युअल फोकस आधीच उतरायच्या पोफळीवर लावून ठेवते. शटर १/२५०० किंवा त्याहून जास्त, आयएसओ ३२०० पर्यंत जाऊ देते. खोडाला पोचण्याआधी तो अंग वर उचलतो आणि पाय टेकताना पंख क्षणभर उघडेच असतात. तोच क्षण पकडायचा. एका सकाळी दीडशे-दोनशे फ्रेम घेतल्या तर दोन कामाच्या निघतात, आणि त्या मिळाल्या तर दिवस सार्थकी लागला समजा.

२०१७ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. पश्चिम घाटातल्या याच जातीचं निरीक्षण करून त्यात दाखवलं होतं, की तरंगताना सरडा पुढच्या पायांनी पंखाची पुढची कड धरून ठेवतो. मी ते वाचलं आणि जुने फोटो काढून बसले. एका एप्रिलमधल्या फ्रेममध्ये डाव्या पंजाची बोटं पंखाच्या कडेवर स्पष्ट दिसत होती, नखांसकट. ती फ्रेम दोन वर्षं माझ्याकडे पडून होती आणि मी फक्त पंखाचे ठिपके बघत होते. म्हणून सांगते, हलके अस्पष्ट असलेले फोटोसुद्धा लगेच पुसू नका.

खोडावर काठी आपटून सरडा उडवू नका, कुणाला उडवू देऊ नका. घाबरून निघालेला सरडा जमेल तिकडे जातो, कधीकधी सरळ जमिनीवर, आणि जमिनीवर तो फार असहाय असतो.

यातलं एक मला अजून लागतं. पाचेक वर्षांपूर्वी मे महिन्यात पाटाच्या कडेला एक मादी जमिनीवर दिसली. अंडी घालायला तिला खाली यावंच लागतं. ती तोंडाने माती उकरत होती, नाकाला ओली माती चिकटलेली. मला तिच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो हवा होता, म्हणून पोटावर सरपटत हातभर अंतरावर गेले. ती थांबली, माझ्याकडे बघत राहिली, आणि खड्डा अर्धवट सोडून पोफळीवर चढून गेली. मी दुपारपर्यंत दूर जाऊन बसले, ती उतरली नाही. दुसऱ्या दिवशी खड्डा तसाच उघडा होता. मादी जमिनीवर दिसली तर आहात तिथेच थांबा. जो फोटो तिथून मिळेल तो घ्या, नाही मिळाला तर नुसतं बघा. पाट सोडणाऱ्याला मात्र सांगा, त्या बाजूला पाणी तेवढा वेळ येऊ देऊ नये.

सराव करायचा असेल तर गडग्यावरचा साधा सरडा घ्या. एप्रिल-मेमध्ये नराचं डोकं लालबुंद होतं आणि तो उन्हात खालीवर जोर काढत बसतो. डोळ्यावर फोकस धरायची सवय तिथेच लागते.

खारी दमट हवा लेन्समध्ये बुरशी धरते. घरी आल्यावर कॅमेरा पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर तापवून घ्या.

दुसऱ्याच्या बागेत जाणार असाल तर आधी विचारा, आणि नंतर चांगल्या फोटोची एक प्रिंट त्यांना नेऊन द्या. जागेचा नेमका पत्ता फोटोसोबत टाकू नका. आमच्या ओटीवर मी पिवळा गळा उघडलेल्या नराची प्रिंट लावली आहे. सुपारी काढायला येणारे आधी तिच्यासमोर थांबायचे, आता मलाच हाक मारतात, "बाई, व्हाळाकडच्या तिसऱ्या पोफळीर एक बसलो हा."