मोटरहोम घेऊन सातपुड्याकडच्या नातेवाइकांकडे निघताना

आधी मोटरहोमची, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेल्या या गाडीची, उंची मोजा, बाकीची तयारी नंतर. मागच्या खेपेला चहाच्या गाळणीपर्यंत सगळं आठवणीनं घेतलं आणि नेमकं हेच राहिलं. म्हणून खाली ते पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

गाडीच्या पुस्तकात दिलेली उंची कारखान्यातून निघालेल्या मोकळ्या छपराची असते. त्यावर आपण एसी बसवतो, सोलरचे पत्रे बसवतो, हवेच्या खिडकीला टोपी लावतो, वर कॅरिअर. एकटा एसीच वीस-पंचवीस सेंटिमीटर खातो. मोजायची रीत अशी: सपाट फरशीवर गाडी उभी करा, चाकांत हवा पूर्ण ठेवा आणि पाण्याची टाकी रिकामी. रिकामी का, तर भरलेली गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर बसते आणि उंची कमी दिसते. आपल्याला जास्तीत जास्त उंची हवी आहे. छपरावरच्या सगळ्यात उंच वस्तूवर ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी ठेवा, गवंड्याची पाणसळ लावून ती सपाट करा, बाहेर आलेल्या टोकाला ओळंबा सोडा आणि टेपनं जमिनीपर्यंतचं माप घ्या. डोळ्यांनी अंदाज नको, शेजारच्या टेंपोशी तुलना तर नकोच. आकडा मीटरमध्येही लिहा आणि फुटांतही, कारण पाटीवर मीटर असतो आणि गावातला माणूस फुटांत बोलतो. 2.95 मीटर म्हणजे 9 फूट 8 इंच. हा कागद समोरच्या काचेवर, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर चिकटवा. मोबाईलमध्ये नाही, काचेवर.

आणि त्यात 30 सेंटिमीटर वाढवा. हे भीतीपोटी सांगत नाही. गावाच्या कमानीखाली हमखास गतिरोधक असतो. पंधरा सेंटिमीटरच्या उंचवट्यावर मागची चाकं चढली की छपराचा मागचा भाग तेवढाच, आणि चाकांच्या मागे गाडी लांब असेल तर त्याहून थोडा जास्त, वर जातो. पुढचा भाग सुखरूप निघाला म्हणून पाय सोडला की मागचा एसी लागतो. दुसरं, कमान वीस वर्षांपूर्वीची असते आणि रस्ता दर दोन-चार वर्षांनी काँक्रीटच्या थरानं वर येतो. कमानीवर रंगवलेला आकडा तिच्या उद्घाटनाच्या दिवशीचा. तिसरं, घरांना गेलेल्या सर्व्हिस वायरी उन्हाळ्यात जास्त लोंबतात, कारण तार तापली की लांबते. डिसेंबरात जिथून निघालात तिथून मे महिन्यात निघालच असं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आणायला जात असाल तर निंबाच्या आडव्या फांद्यांना झोके बांधलेले असतील, गल्लीत लग्नाचे मांडव असतील, आणि मांडवाच्या बल्लीची उंची कुणी मोजलेली नसते.

आता यजमानाला फोन. इथे सगळे फसतात. "मोठी गाडी येते का?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: "काही होत नही भाऊ, या तुम्ही, आपला ट्रॅक्टर रोज येतो." ट्रॅक्टर येतो यावरून काहीही कळत नाही. बिनटपाचा ट्रॅक्टर जिथून निघतो तिथे आपली गाडी वायर घेऊन जाईल. विचारायचं असं: कपाशी भरलेली आयशर ट्रक थेट दारापर्यंत येते का? चारा भरलेली गाडी कोणत्या बाजूनं आणता? ती गावाबाहेर उभी करून बैलगाडीनं माल आणत असतील तर तुम्हीही गावाबाहेरच राहणार आहात. मग एखाद्या भाच्याला सांगा, हमरस्त्यापासून दारापर्यंत चालत ये आणि मोबाईल वर धरून व्हिडिओ काढ. रस्ता नको, वरचं दाखव. शंका वाटेल त्या जागी दहा फुटी बांबू उभा धरायला लावा. तुमच्या आकड्यात तीस सेंटिमीटर वाढवल्यावर तो दहा फुटांच्या वर जात असेल तर बांबूही मोठा घ्या. दाराशी गाडी वळते का हेही विचारा. अडीचशे मीटर बोळातून उलटं येणं म्हणजे सगळं गाव बघायला जमतं.

रेल्वेखालचे बोगदेही याच हिशोबात धरा. भुसावळ-जळगाव-चाळीसगाव पट्ट्यात फाटकं बंद करून रुळांखालून वाट काढलेली अनेक ठिकाणं आहेत. तिथे आडवी लोखंडी तुळई असते, ती वाकत नाही. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, मग उंची जास्त मिळाली तरी उपयोग नाही.

वायर आडवी आलीच तर छपरावर चढून काठीनं उचलायची नाही. कोटिंग असलेली असली तरी नाही. उन्हानं ते कोटिंग फाटलेलं असतं आणि तुम्ही लोखंडी गाडीवर उभे असता. गावच्या वायरमनला बोलवा, डीपीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, बंद करू द्या, मग काय ते. तासभर जाईल, जाऊ द्या.

घाटातही उंचीच. शहाद्याहून तोरणमाळला जाताना सातपायरीची वळणं, तळोद्याकडून धडगावला जाणारा चांदसैली घाट, अक्कलकुव्याहून मोलगीकडे देवगोई घाट, या रस्त्यांवर डोंगराच्या बाजूला खडक आणि फांद्या बाहेर आलेल्या असतात. रस्त्याला आतल्या बाजूला उतार दिलेला असतो आणि पाच टक्के उतारावर तीन मीटर उंचीची गाडी वरच्या कडेला साधारण पंधरा सेंटिमीटर डोंगराकडे कलते. चाक पांढऱ्या पट्टीच्या आत आहे म्हणून निश्चिंत राहिलात की वरचा कोपरा खडकाला लागतो. समोरून कुणी नसेल तेव्हा मध्यभागी राहा, येणाऱ्याला हॉर्न द्या, आणि वळणाआधी थांबून आधी त्याला जाऊ द्या. चांदसैलीत पावसाळ्यात दरडी येतात. जून ते सप्टेंबर तिकडचं निमंत्रण असेल तर सरळ सांगा, दिवाळीनंतर येतो. चाळीसगाव-कन्नडच्या औट्रम घाटात जड वाहनांना बंदी आहे. तुमची गाडी कशात मोडते ते आरसी बुकात निघण्याआधी बघा, चौकीवर वाद घालून वळायला जागा मिळत नाही.

ब्रेकचं थोडक्यात, पण नीट. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक दाबून धरायचा नाही, दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा. धरून ठेवला की लायनर तापतात, तेलात वाफ धरते आणि पेडल खाली जातं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट 3 प्रतीचं कोरं तेल 205 अंशांना उकळतं, ओलावा धरलेलं 140 च्या आसपासच. म्हणून दोन वर्षं झाली असतील तर बदलूनच निघा. उतरल्यावर लगेच हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नका, चाकं थंड होऊ द्या. टायरची हवा सकाळी थंड असताना बघा. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो आणि दुपारी हवा जास्त दिसते म्हणून सोडणारे लोक संध्याकाळी कमी हवेवर घाट चढतात.

पाणी दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. नातेवाइकांकडे चाललात, वाळवंटात नाही. चढाला पन्नास लिटर पुरे. टाकीत आडव्या पट्ट्या नसतील तर अर्धी टाकी सगळ्यात वाईट, वळणावर सगळं पाणी एका बाजूला धावतं. डिझेल शहाद्यात किंवा तळोद्यात भरा, वर भरवसा नाही. मोबाईलची रेंजही तशीच येते-जाते, म्हणून शेवटचा फोन खालूनच करा आणि नकाशा उतरवून ठेवा. गॅसचा पाच किलोचा सिलिंडर उभा बांधा, चालताना खटका सिलिंडरवरच बंद.

मुक्कामाची जागा. काळ्या मातीत गाडी उभी करू नका, ती कितीही कोरडी दिसली तरी. एप्रिल-मेमधली एक अवकाळी सर आली की चार टनांची गाडी तळाला टेकते आणि मग खरंच ट्रॅक्टर येतो, तुम्हाला ओढायला. मुरूम टाकलेलं खळं मागा. केळीच्या बागेशेजारी उभं राहायचं असेल तर ठिबकच्या नळ्या आणि बांधालगत जमिनीखालून गेलेली पाइपलाइन कुठे आहे ते आधी विचारा. ती फूटभरच खोल असते आणि चाकाखाली फुटते, नंतर फुईच्या, म्हणजे आत्याच्या, घरी दोन दिवस कुणी धड बोलत नाही. चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे, उतारावर गाडी गिअरमध्ये. आणि हो, आंब्याखाली सावलीला शिरताना वर बघा. हवेची टोपी अशीच तुटते. ती तुटली की पहिल्या पावसात गादी भिजते.

वीज. बारा व्होल्ट, शंभर अँपिअरची बॅटरी म्हणजे फार तर सव्वा युनिट. त्यावर एसी तासभरही चालत नाही. म्हणजे यजमानाच्या घरून वायर ओढावी लागणार. जाड प्लगचा, सोळा अँपिअरचा पॉइंट मागा, टीव्हीच्या बोर्डाला जोडू नका. वायर अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची, पंचवीस मीटर, आणि वापरताना रीळावरून पूर्ण सोडलेली. गुंडाळलेली वायर तापून वितळते. अर्थिंग आहे का ते टेस्टर प्लगनं बघा, नसेल तर एसी विसरा आणि अंगणात बाजेवर झोपा, तेच बरं. व्होल्टेज 180 च्या खाली गेलं की एसी नुसता गुरगुरतो, बंद करा. खांबावरच्या तारेवर आकडा टाकून चोरून वीज देणारा एखादा उत्साही शालक भेटेलच, त्याला नाही म्हणा. बिलाचे पैसे कुणी घेत नाही, तेव्हा निघताना लहान पोरांच्या हातात द्या.

संडासाची टाकी. त्यांच्या सेप्टिक टँकमध्ये ओतायची तर तीव्र रसायन वापरू नका, त्यानं आतले जिवाणू मरतात आणि महिन्याभरानं त्यांच्याकडे वास सुटतो. शोषखड्डा असेल तर ओतायचंच नाही. भांड्याचं पाणी गल्लीत सोडायचं नाही, कारण सांगायला नको.

आपण गाडीत झोपणार आहोत हे फोनवरच सांगा, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला सांगा, भावाला सांगून उपयोग नाही. ऐन वेळी सांगितलं तर आमचं घर लहान वाटलं का, इथून सुरू होतं. फ्रिज भरू नका. भरीत, कळण्याची भाकर, फुनके, शेवभाजी, जमलंच तर खापरावरचे मांडे. तुमची मॅगी कुणी उघडू देणार नाही. एका दिवसात दोन घरं ठेवा, तिसऱ्या घरी जेवण जात नाही आणि नाही म्हणता येत नाही.

कागदपत्रं, स्टेपनी, जॅक, औषधं, टॉर्च. ठीक.

परतीचं. केळीचा घड, दादर ज्वारीचं पोतं, बिबड्यांचे (ज्वारीच्या पापडांचे) डबे, एखादी बाज. नाही म्हणून चालत नाही. जड सामान खाली, मागच्या चाकाच्या पुढे. बाज छपरावर जाणार. मग उंची पुन्हा मोजा. तोच टेप, तीच पट्टी. काचेवरचा जुना कागद फाडा, नवा लावा. आलो त्याच रस्त्यानं जातोय म्हणून मोजायची गरज नाही असं जो कुणी म्हणेल त्यालाच पुढे बांबू घेऊन चालायला लावा.