ज्वारीचं वाण टारफुल्याला किती हाक देतं? अगारमध्ये करायची चाचणी

टारफुला हे ज्वारीच्या मुळांवर जगणारं परजीवी तण. त्याचं बी नुसत्या ओलीवर उगवत नाही. जेमतेम ०.३ मि.मी.च्या त्या बियात अन्नसाठा इतका तोकडा, की उगवल्यावर काही दिवसांत मूळ सापडलं नाही तर अंकुर मरतो. म्हणून ज्वारीच्या मुळातून स्ट्रायगोलॅक्टोन हे रसायन झिरपेपर्यंत ते वर्षानुवर्षं मातीत थांबतं. जमिनीत स्फुरद कमी असलं की ज्वारी हे रसायन जास्त सोडते, कारण मायकोरायझा बुरशीलाही ती त्यानेच बोलावते.

चाचणीसाठी ताजं बी घेऊ नका. काही महिने कोरडं ठेवून त्याची सुप्तावस्था मोडू द्या. मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये काही मिनिटं धुऊन, ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळून, ओल्या गाळणकागदावर अंधारात २८ अंश सेल्सिअसला १०–१४ दिवस ठेवा. ही भिजवण चुकली तर पुढचं सगळं फुकट: कमी दिवसांत बी रसायनाला दाद देत नाही, फार लांबवली तर पुन्हा झोपी जातं.

भिजवलेलं बी पेट्री डिशमध्ये पसरा. ०.७ टक्के अगार (समुद्री शेवाळापासूनची, थंड झाल्यावर गोठणारी जेली) कोमट होऊ द्या आणि गोठण्याआधी त्यावर ओता. गरम ओतलं तर बी मरेल. मोड आलेला ज्वारीचा दाणा काठाशी असा रुतवा की मुळाचं टोक डिशच्या मध्याकडे राहील. अंधारात २८ अंशांना ७२ तास ठेवा. मग डिश उलटी करून सूक्ष्मदर्शकाखाली मुळापासून सर्वांत लांब उगवलेल्या बियापर्यंतचं अंतर मोजा. १ सें.मी.पेक्षा कमी भरलं तर वाण कमी उत्तेजक.

सोबत दोन डिश हव्यातच: एक बिनज्वारीची, दुसरी ०.१ पीपीएम जीआर२४ या कृत्रिम स्ट्रायगोलॅक्टोनची. दुसरीतही बी उगवलं नाही, तर दोष बियात किंवा भिजवणीत आहे. वाणाबद्दल काहीच म्हणता येणार नाही. जीआर२४ अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवा आणि पाण्यातलं द्रावण त्याच दिवशी वापरा. विम्लधर्मी पाण्यात ते लवकर विघटतं.

निकाल वाचताना एक भान ठेवा. आपलं भारतीय एन-१३ वाण या चाचणीत टारफुल्याचं भरपूर बी उगवून आणतं, तरी शेतात टिकतं, कारण त्याच्या मुळाच्या जाड पेशीभित्ती टारफुल्याला आत शिरू देत नाहीत. म्हणून अंतर जास्त आलं एवढ्यावरून वाण बाद करू नका. ते बाधित जमिनीच्या कुंडीतही लावून पाहा.

वापरलेल्या डिश ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केल्याशिवाय) फेकू नका.