ट्रायच्या चर्चापत्राला नेट समानतेविषयी उत्तर कसे लिहावे

मोबाइल कंपनीने काही निवडक संकेतस्थळे फुकट द्यावीत आणि बाकीच्यांसाठी डेटाचे पैसे घ्यावेत का, या नेट समानतेच्या (इंटरनेटवरील सर्व संकेतस्थळांना आणि ॲपना कंपनीने सारखेच वागवावे, या तत्त्वाच्या) वादाचा भारतापुरता निकाल 8 फेब्रुवारी 2016 रोजी लागला. संकेतस्थळ किंवा ॲप पाहून डेटाचा दर बदलण्यास भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, त्या दिवशी बंदी घातली आणि ती मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला 50 हजार रुपये, जास्तीत जास्त 50 लाख रुपये दंड ठरवला. या निर्णयाआधी ट्रायने चर्चापत्र काढून लोकांची मते मागवली होती. अशी चर्चापत्रे आजही निघतात आणि त्यांना कोणीही उत्तर देऊ शकते. त्यासाठी वकील किंवा अभियंता असावे लागत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे चर्चापत्र उघडल्यावर आधी शेवटाकडे जावे, कारण प्रश्नांची एकत्रित यादी तेथे असते. ट्रायला उत्तर हवे असते ते या प्रश्नांचे. डिसेंबर 2015 च्या चर्चापत्रात चारच प्रश्न होते. तरीही काही निवडक संकेतस्थळे फुकट देणाऱ्या, फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या बाजूने आलेल्या सुमारे 19 लाख प्रतिक्रियांपैकी बहुतेक एकाच साच्यातील होत्या आणि त्यांत विचारलेल्या प्रश्नांना उत्तरच नव्हते. सल्लामसलत म्हणजे मतमोजणी नव्हे, हे ट्रायने तेव्हा फेसबुकला पत्राने कळवले. आपण ज्या बाजूचे आहोत त्या बाजूनेही ही चूक होऊ नये. तयार मजकुरावर नाव घालून पाठवण्यापेक्षा एकाच प्रश्नाचे, पण स्वतःच्या शब्दांत आणि कारणांसह दिलेले उत्तर अधिक मोलाचे असते, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला प्रश्नाचा क्रमांक घालून भूमिका एका वाक्यात सांगावी आणि मग कारण द्यावे. कारण देतानाच बहुतेकांचे उत्तर ढिले पडते. ‘इंटरनेट सर्वांना समान मिळाले पाहिजे’ ही भावना रास्त आहे, पण नियामकाला तिच्यावरून नियम करता येत नाही. दरातील फरकामुळे कोणाचे काय आणि कसे बिघडते, हे उलगडून दाखवावे लागते. समजा, एखाद्या कंपनीने बाजारभाव सांगणारे एकच ॲप फुकट दिले. महिन्याच्या रिचार्जचा रुपया-रुपया मोजणारा कांदा उत्पादक तेच ॲप वापरणार. त्याहून चांगली माहिती देणारे दुसरे ॲप तालुक्याच्या गावातील दोन तरुणांनी तयार केले, तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही, कारण कंपनीशी करार करण्याइतके बळ त्यांच्याकडे नाही. ते ॲप कोणी बंद केले नाही, केवळ महाग केले. मात्र ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याच्यासाठी दोन्हींचा परिणाम सारखाच. असे उदाहरण आपल्या व्यवसायातून, शिक्षणातून किंवा गावातून घ्यावे. ते मुंबई-दिल्लीच्या तज्ज्ञाला सुचणार नाही, आणि आपल्या उत्तराची खरी ताकद तेथेच असते.

विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा टाळू नये. ज्याला इंटरनेट अजिबात परवडत नाही, त्याला थोडे फुकट मिळाले तर काय बिघडले, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय नेट समानतेची बाजू अपुरी राहते. डिसेंबर 2015 च्या चर्चापत्रातील तिसरा प्रश्न नेमका हाच होता: वेगळे दर न लावता फुकट इंटरनेट देण्याचा दुसरा मार्ग कोणता? मर्यादित डेटा मोफत द्यावा, पण तो कुठे वापरायचा हे ग्राहकाने ठरवावे, हे एक उत्तर आहे, आणि 2016 च्या विनियमांनी त्याला मज्जाव केलेला नाही. विरोध करताना असा पर्याय सुचवता आला, तर नियामकाच्या हाती काही तरी पडते.

अपवादही आपणच मांडावेत. इंटरनेटच्या जाळ्यावर ताण आला असता सर्वच व्हिडिओंचा वेग सारखाच कमी करणे आणि एका कंपनीचे व्हिडिओ तेवढे अडवणे, यांतील भेद उत्तरात स्पष्ट असावा. आपत्कालीन सेवांसाठी किंवा सार्वजनिक आपत्तीच्या काळात दर कमी करण्याची मुभा 2016 च्या नियमांतही आहे. सरसकट सगळ्याला विरोध केला तर आपले म्हणणे अव्यवहार्य ठरवून बाजूला सारणे सोपे जाते.

मजकूर मराठीत सुचत असेल तर तो आधी मराठीतच पूर्ण लिहावा आणि नंतर इंग्रजीत आणावा. थेट इंग्रजीत लिहिताना सरावातली गुळगुळीत वाक्ये उतरतात आणि उदाहरण हरवते. पाठवण्याआधी त्यातून घरचा पत्ता आणि फोन क्रमांक काढून टाकावा. आलेली मते ट्राय सार्वजनिक करते; एप्रिल 2015 मध्ये तर दहा लाखांहून अधिक ईमेल प्रसिद्ध करताना पाठवणाऱ्यांचे ईमेल पत्तेही जगजाहीर झाले होते. शक्य असल्यास या कामासाठी वेगळा ईमेल पत्ता वापरावा.

मुदत चर्चापत्रावरच दिलेली असते. ती संपल्यावर प्रतिमते देण्यासाठी दुसरी मुदत मिळते, आणि ती बहुतेक नागरिक वाया घालवतात. या काळात दूरसंचार कंपन्यांची उत्तरे वाचून त्यांतील एखाद्या दाव्याला मुद्देसूद प्रत्युत्तर देता येते. वेळ थोडाच असेल तर मी तो येथे खर्च करीन. पुढे खुली चर्चा होते आणि त्यानंतर निर्णय येतो. दराचा विषय असेल तर ट्राय स्वतः विनियम काढू शकते. दूरसंचार कंपन्यांच्या परवान्याच्या अटी बदलायच्या असतील तर ती केंद्र सरकारला शिफारस करते. नोव्हेंबर 2017 च्या नेट समानतेवरील शिफारशी सरकारने 2018 मध्ये स्वीकारल्या, त्या या दुसऱ्या वाटेने.

निर्णय आल्यावर त्याला जोडलेले स्पष्टीकरणात्मक टिपण जरूर वाचावे. कोणते मुद्दे मान्य झाले, कोणते फेटाळले आणि कशासाठी, हे त्यात असते. आपला मुद्दा फेटाळला गेला असेल तर त्याचे कारण टिपून ठेवावे आणि मूळ उत्तर जपावे, कारण हे विषय परत येतात: इंटरनेटवरून संदेश आणि कॉलची सोय देणाऱ्या ॲपचे नियमन करावे का, हा मार्च 2015 च्या चर्चापत्रातील प्रश्न जुलै 2023 मध्ये नव्या चर्चापत्रातून पुन्हा विचारला गेला.