नेट स्लो वाटतंय? प्लॅन वाढवण्याआधी घरातल्या या चुका टाळा

नेट स्लो झालं की बहुतेक घरांत एकच उपाय सुचतो: शंभर एमबीपीएसचा (सेकंदाला शंभर मेगाबिट) प्लॅन दोनशेचा करायचा. पैसे जातात आणि आतल्या खोलीतला व्हिडिओ कॉल तसाच अडकत राहतो. कारण दोष बऱ्याचदा बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये नसतोच. तो राउटरपासून तुमच्या फोनपर्यंतच्या दहा-पंधरा मीटरमध्ये असतो, आणि तो शोधायला काहीच विकत घ्यावं लागत नाही.

लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, त्याचं वायफाय बंद करा, घरच्यांना पाच मिनिटं नेट वापरू नका म्हणून सांगा आणि स्पीड टेस्ट घ्या. मग केबल काढून राउटरच्या शेजारी बसून वायफायवर, आणि शेवटी जिथे त्रास होतो त्या खोलीत. हे तीन आकडे हातात नसताना घेतलेला कुठलाही निर्णय अंदाजपंचेच. वायरवर पूर्ण स्पीड मिळत असेल, तर कंपनीशी भांडून काही हाती लागणार नाही. वायरवरच आकडा कमी असेल, तर नव्या अँटेनांनी काही साधणार नाही. आणि प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड मात्र मेगाबाइटमध्ये दिसतं, हे ध्यानात ठेवा. 8 बिटांचा एक बाइट, म्हणजे शंभरच्या प्लॅनवर सेकंदाला 12.5 मेगाबाइटच्या वर काही दिसणारच नाही.

आकडा 94 च्या आसपास अडकतोय?

ही चूक सर्वांत जास्त पैसे खाते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. प्लॅन 200 किंवा 300 चा आहे, पण वायरवर कितीही वेळा टेस्ट घेतली तरी 93 ते 95 च्या पुढे जात नाही. असा नेमका आकडा दिसला, की वाटेत कुठेतरी 100 एमबीपीएसची जोडणी आहे असं समजा. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. शंभरच्या वेगाला त्यातल्या चार पुरतात, गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, आठही लागतात. एखादी तार तुटली किंवा क्लिप नीट बसली नाही, तर जोडणी बंद पडत नाही. ती गुपचूप शंभरवर उतरते, आणि नेट चालू असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो. तिथे 1000 ऐवजी 100 असेल, तर आधी केबल बदला. घेताना कॅट 6 आणि शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त असते, पण वाकवली की तुटते.

केबल चांगली असूनही आकडा हलत नसेल, तर राउटरचे पोर्ट तपासा. खोक्यावर ठळक ‘एसी 1200’ लिहिलेलं असतं. हा आकडा वायफायच्या दोन बँडचे वेग, म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झचे 867, यांची बेरीज वर ढकलून काढलेला असतो. एका फोनला तो कधीच मिळत नाही. असे कितीतरी राउटर मागच्या बाजूला 100 एमबीपीएसचेच पोर्ट घेऊन येतात. म्हणून खोक्यावर ‘गिगाबिट पोर्ट’ हे शब्द शोधा, ते नसतील तर राउटर परत ठेवा. माझ्या मते अँटेना किती आहेत यापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं आहे.

जागा

फायबरची वायर दारातून येते, म्हणून राउटर दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर बसतो, नाहीतर टीव्हीच्या मागे. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फिशटँक आणि आरसीसीचे खांब हे सगळे सिग्नल अडवतात. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत फूटभर जाड असते, तिथे दोन भिंतींपलीकडे 5 गिगाहर्ट्झकडून फार अपेक्षा ठेवू नका. राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर, छातीच्या उंचीच्या वर हवा. फायबरचा डबा दारापाशीच ठेवायचा असेल, तर तिथून लॅन केबल ओढून राउटर आत न्या. शंभर मीटरपर्यंत केबल निर्धास्त चालते.

भिंती मधे असतील तर 2.4 लांब पोचतो, जवळ असाल तर 5 वेगवान. फ्लॅट्सच्या इमारतीत 2.4 वर शेजाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा चॅनल 1, 6 किंवा 11 यांपैकीच निवडा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा. स्मार्ट प्लग किंवा प्रिंटर जोडला जात नसेल, तर तो बहुधा फक्त 2.4 वर चालणारा आहे. दोन्ही बँडना तात्पुरती वेगळी नावं द्या, काम होईल.

एक्स्टेंडर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, जिथे रेंज नाही तिथेच लावतात, आणि तो मिळेल तोच मरतुकडा सिग्नल पुढे ढकलतो. तो अर्ध्या वाटेवर लावा. तरीही एकाच बँडवर ऐकून त्याच बँडवर पुढे पाठवणारा एक्स्टेंडर वेग साधारण निम्मा करतो. शक्य असेल तर केबल ओढून दुसरा राउटर बसवा, पण तो ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो स्वतःचं नेटवर्क न बनवता पहिल्याचंच वायफाय पुढे देईल. नाहीतर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि एका खोलीतल्या फोनला दुसऱ्या खोलीतला प्रिंटर दिसत नाही.

लाल दिवा आणि टाचणी

डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, म्हणजे फायबरमधून प्रकाश पोचत नाहीये. वायर कपाटामागे दाबली किंवा दुमडली गेलीय का बघा, पण तिचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, लेझर दिसत नसला तरी असू शकतो. टाचणीने रिसेटचं भोक तर मुळीच दाबू नका. बंद करून चालू करणं वेगळं, रिसेट वेगळं. रिसेटने कंपनीने भरलेली सेटिंग पुसली जातात आणि मग दोष दूर झाला तरी माणूस येईपर्यंत नेट बंद. तक्रारीत ‘नेट चालत नाही’ एवढंच न सांगता ‘एलओएस लाल आहे’ असं सांगा. नेट अधूनमधून तुटत असेल, तर आलेल्या माणसाला फायबरमधून प्रकाशाची पॉवर किती येतेय विचारा. ती डीबीएममध्ये मोजतात, आणि उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. सर्वसाधारण जीपॉन (घरगुती फायबरची प्रचलित पद्धत) डब्याची मर्यादा उणे 27 डीबीएमच्या आसपास असते. उणे 26 दिसत असेल तर जोड पुन्हा करून मागा.

लाइट जाऊन इन्व्हर्टर लागताना राउटर बंद-चालू होत असेल, तर इन्व्हर्टरवरचं बटण यूपीएस मोडवर करा, किंवा राउटरला मिनी यूपीएस लावा. ॲडॉप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, ॲम्पियर तेवढेच किंवा जास्त चालतील. मात्र घेण्याआधी एक विचारून घ्या. फायबर थेट घरात येत असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा डबा) वीज लागत नाही. पण स्थानिक ऑपरेटरने जिन्यात नेटवर्क स्विच (अनेक घरांना लॅन केबल देणारा विजेवरचा डबा) बसवून तिथून लॅन केबल दिली असेल, तर त्या स्विचला बॅकअप आहे का? तो नसेल, तर घरातला राउटर चालू राहील आणि नेट तरीही जाईल.